व्याह्यांची कमान

एसटी स्टँडच्या मागे पेठ भरते अशा एका गावात एक भोळा दुकानदार राहत होता. नाव लहानू. दुकानाचं नाव ‘लहानू आर्ट्स’. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, रबरी शिक्के, जे मागाल ते मिळायचं. गिऱ्हाईक त्याला लहानूशेठ म्हणे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला शेठ म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. खांद्यावर डोकं आहे की नाही, हे कोणी वाकून बघत नाही.

लहानूला स्वतःबद्दल गैरसमज मुळीच नव्हता. "माझं डोकं म्हणजे जुनं शटर," तो चहाच्या टपरीवर स्वतःच सांगायचा. "निम्मं वर जातं आणि अडकतं. मग लोक वाकून आत येतात." लोक हसायच्या आधी तो हसून घ्यायचा. त्यामुळे हसण्यात तरी तो कुणाच्या मागे नसे.

दुकान चालायचं ते त्याच्या मुलीच्या, प्रतीक्षाच्या जिवावर. ती तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकून आली होती. गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा सांगायचा आणि तयार फ्लेक्सची गुंडाळी करायची, एवढं खातं लहानूकडे. तेही बरं चाललं होतं.

मग प्रतीक्षाला स्थळ आलं. तालुक्याचे पाइप आणि मोटारींचे व्यापारी चांगदेवराव, त्यांचा मुलगा सुयोग. पोरीला पोरगा आवडला, पोराला पोरगी आवडली. सगळं जुळत आलं तेव्हा चांगदेवरावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं,

"लहानूशेठ, राग मानू नका. तुमचं दुकान चालवतं कोण?"

"मुलगी चालवते."

"आणि ती आमच्या घरी आल्यावर?"

लहानूनं जरा विचार केला. "मग ती तुमच्या घरून चालवेल."

"हेच! हेच म्हणतोय मी!" चांगदेवरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "रोज सकाळी तुमचा फोन. पोरगी फोडणी करपवून तुम्हाला कुठलं बटण दाबायचं ते सांगत बसणार. मी घरात सून आणतोय शेठ, तुमच्या दुकानाची शाखा उघडत नाही."

चांगदेवरावच पुढे म्हणाले, "असं करा. साखरपुड्याला कार्यालयाच्या दारावर जी कमान लागेल, ती तुम्ही स्वतः करा. पोरीनं बोट लावायचं नाही. कमान नीट झाली, तर साखरपुडा. नाहीतर मग बघू पुढं कधीतरी."

व्यापाऱ्याच्या तोंडचं ‘बघू कधीतरी’ म्हणजे काय, हे पेठेत जन्म काढलेल्या लहानूलासुद्धा कळत होतं.

घरी आल्यावर त्याची बायको हौसा म्हणाली, "ऐकलंत ना? पोरीचा जीव गुंतलाय तिथं. आता तरी शिका काहीतरी."

"शिकतो की," लहानू म्हणाला. "मी काय शिकत नाही म्हणालो का कधी? शिकवणारेच दमतात."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षानं बापाला खुर्चीवर बसवलं आणि माउस हातात दिला.

"पप्पा, हे बघा. कमान सजवायची म्हणजे एकेक फूल चिकटवत बसायचं नाही. आपण चित्राचा ब्रश करायचा. एक फोटो घ्यायचा, त्याचा ब्रश बनवायचा आणि रेघ ओढायची. रेघ जाईल तिकडं चित्र जातं. फुलाचा ब्रश केला तर फुलांची माळ. वेलीचा केला तर वेल. कळलं?"

"कळलं. रेघ जाईल तिकडं चित्र जातं."

"आधी छोटी कामं करून हात बसवा."

लहानूनं धडा गाठीला बांधला. त्याची गाठ नेहमी पक्की बसायची. ती कुठं सोडायची, एवढंच त्याला कळत नसे.

पहिलं काम आलं फुलचंद हलवायाचं. त्याला दुकानाच्या नव्या पाटीखाली मोतीचुराच्या लाडवांची किनार हवी होती. नमुन्याला एक लाडू कागदात बांधून देऊन गेला. लहानूनं लाडवाचा फोटो काढला. लाडू खाल्ला. ब्रश बनवला. मग पाटीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रेघ गेली तिकडं लाडू गेला.

पाटी टांगल्यावर फुलचंद रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मग त्यानं लहानूला बोलावलं.

"शेठ, हे काय आहे?"

"लाडू."

"कुठून कुठपर्यंत?"

"हा इथून सुरू होतो," लहानूनं बोट फिरवलं, "आणि तो तिथं संपतो."

"म्हणजे एकच?"

"नमुना एकच दिला होतात."

"आणि हा गिऱ्हाइकाला द्यायचा कसा? करवतीनं कापून?"

लहानूनं पाटीकडे नीट बघितलं. खरंच, लाडू कसला, घराचं आढंच दिसत होतं. त्याला स्वतःलाच हसू फुटलं. घरी येऊन त्यानं झालेली गोष्ट सांगितली तेव्हा प्रतीक्षानं कपाळावर हात मारला.

"पप्पा, ताणायचं नसतं! चित्र आहे तेवढंच ठेवायचं आणि ओळ भरेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचं. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक."

"असं होय? ताणायचं नाही. ओळ भरेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा."

लहानूनं धडा गाठीला बांधला.

दुसरं काम आलं सोन्याबापूचं. हा पेठेतला होतकरू पुढारी. वाढदिवस तोंडावर आला होता. "शेठ, वर मी मोठा," तो गॉगल वर सारून म्हणाला, "आणि खाली शुभेच्छुकांची ओळ. ओळ कशी गच्च भरलेली पाहिजे. माझा फोटो घ्या. पोरांचे संध्याकाळी पाठवतो."

संध्याकाळपर्यंत पोरांचं आणि बापूचं काहीतरी बिनसलं. एकाचाही फोटो आला नाही. लहानू वाट बघून बघून थकला. ओळ तर भरायची होती आणि हातात फोटो एकच. पण आता त्याला उपाय माहीत होता.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर सोन्याबापू गॉगल लावून. खाली मोठ्या अक्षरात ‘शुभेच्छुक’. आणि त्याखाली ओळीनं सोन्याबापू, सोन्याबापू, सोन्याबापू, थेट विजेच्या खांबापर्यंत.

"बापू, माणसं बरीच आहेत हो तुमच्यामागं," पानवाला ओरडला.

"सगळी एकाच आईची दिसतात," दुसऱ्यानं भर घातली.

सोन्याबापू तरातरा दुकानात आला. "शेठ, मला शुभेच्छा कोण देतंय?"

"तुम्ही."

"आणि मी कुणाला देतोय?"

"तुम्हालाच. बाहेरचं कुणी आलं नाही ना, बापू."

बापू गॉगल डोळ्यांवर ओढून निघून गेला आणि चौकातून जायचंच त्यानं बंद केलं.

त्या दिवशी जेवताना हौसा म्हणाली, "गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही."

"माझ्या तोंडाची काळजी नको," लहानू म्हणाला. "बापूचं बघ. ते गावभर झालंय."

प्रतीक्षाला हसावं की रडावं ते कळेना. तरी तिनं बापाला पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसवलं. "पप्पा, सगळंच पुन्हा पुन्हा लावायचं नसतं. ब्रश करताना दोन टोकं राखायची असतात. डावीकडचं डोकं एकदाच येतं, उजवीकडचं शेपूट एकदाच येतं. मधलं तेवढं वाढवायचं. वेलीचं कसं, एकीकडं देठ, एकीकडं कळी आणि मधे पानं. तसं."

"डोकं एकदाच. शेपूट एकदाच. मधलं वाढवायचं."

"हां. आता बरोबर."

लहानूनं धडा गाठीला बांधला.

तिसरं काम घेऊन आले रावजी. त्यांच्या सुलतान नावाच्या बैलानं शर्यत मारली होती. रावजींच्या छातीत आनंद मावत नव्हता. "शेठ, मैदानाच्या कडेला फ्लेक्स लावायचा. बैल कसा, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत दिसला पाहिजे." त्यांनी गोठ्यात काढलेला फोटो दिला.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं फोटो नुसता मोठा केला असता. पण लहानू आता अडाणी राहिला नव्हता. त्यानं तीन-तीन धडे घेतले होते. ताणायचं नाही, हे तो लाडवाकडून शिकला होता. डोकं एकदाच आणि शेपूट एकदाच, हे तर कालच झालं होतं. आणि बैलाला नेमकं डोकंही होतं आणि शेपूटही. इतका चपखल बसणारा धडा त्याला जन्मात मिळाला नव्हता.

फ्लेक्स लागला. पहिल्या खांबाशी सुलतानचं डोकं. शेवटच्या खांबाशी सुलतानचं शेपूट. मधे पोट आणि पाय, पोट आणि पाय, पोट आणि पाय. फोटोत बैलाच्या मागे रावजींची बायको बादली घेऊन उभी होती. पोटाबरोबर तीही वाढली.

रावजी एका खांबापासून चालत निघाले ते दुसऱ्या खांबाशी येऊन थांबले.

"शेठ, ह्याला नाल ठोकायला तालुक्यातले सगळे नालबंद आणावे लागतील."

"पण पळेल जोरात," लहानू म्हणाला.

"आणि ही कोण?"

"वहिनी."

"आणि ही?"

"वहिनीच."

"ती पलीकडची?"

"त्याही वहिनीच. बादली बघा ना."

"अहो, एक सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात!" रावजी ओरडले. "तिनं हे बघितलं, तर मी बैलासकट घराबाहेर!"

ही बातमी तालुक्यापर्यंत गेली. संध्याकाळी चांगदेवरावांचा फोन आला. "लहानूशेठ, गोमेसारखा बैल म्हणतात तो तुम्हीच केलात का?" लहानूनं खरं ते सांगितलं. पलीकडून नुसता उसासा ऐकू आला. "साखरपुडा जवळ आलाय," चांगदेवराव म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रतीक्षा त्या रात्री जेवली नाही. लहानू तिच्या शेजारी जाऊन बसला.

"माई, मी गाढव आहे, हे मला मान्य आहे. पण गाढवाला वाट पाठ होतेच की. अजून एकदा सांग."

तिनं डोळे पुसले आणि फोटो काढून दाखवला. "पप्पा, चूक इथं झाली. ह्या फोटोत बैलाच्या मागे गोठा होता, बादली होती, काकू होत्या. तुम्ही सगळ्यासकट ब्रश केलात. ब्रश करायच्या आधी मागचं सगळं पुसून टाकायचं. जे पुढं आहे तेवढंच ठेवायचं."

"मागचं पुसायचं. पुढचं ठेवायचं."

लहानूनं धडा गाठीला बांधला.

चौथं काम बचत गटाच्या बायकांचं होतं. त्यांच्या गटाला बक्षीस मिळालं होतं आणि सगळ्या जणींचा फोटो फ्लेक्सवर हवा होता. फोटो छान निघाला होता. पुढच्या रांगेत बायका खुर्च्यांवर बसलेल्या, मागच्या रांगेत उभ्या. लहानूनं फोटो बघितला. पुढं कोण आहे, मागं कोण आहे, हे अगदी स्पष्ट दिसत होतं. शंकेला जागाच नव्हती.

फ्लेक्स लागला आणि मागच्या रांगेतल्या सगळ्या बायका दुकानात आल्या. सर्वांत पुढे गटाच्या अध्यक्ष मंदाताई. त्या उंच, म्हणून फोटोग्राफरनं त्यांना मागे उभं केलं होतं.

"लहानूभाऊ, मी कुठंय?"

"तुम्ही इथं आहात," लहानू चाचरत म्हणाला.

"दुकानात नव्हे. फोटोत!"

"तुम्ही मागे होतात, ताई."

"मग?"

"मागचं पुसलं."

"आणि ही आमची सरूबाई, हिचा नुसता हात ठेवलाय खुर्चीवर, तो?"

"तो पुढं आलेला होता."

सरूबाईनं तोच हात कमरेवर ठेवला. पुढं बराच वेळ बायका बोलत होत्या आणि लहानू गल्ल्याच्या मागे बसत बसत पार दिसेनासा झाला. शेवटी हौसा घरातून धावत आली. तिनं सगळ्यांना सरबत दिलं, नवीन फ्लेक्स करून द्यायचं कबूल केलं आणि त्या गेल्यावर नवऱ्याकडे वळली.

"अहो, माणसं पुसायची असतात का कधी? एक गोष्ट डोक्यात घाला. जग इकडचं तिकडं होवो, माणूस पुसायचा नाही!"

"बरं."

"म्हणा."

"माणूस पुसायचा नाही."

लहानूनं हा धडा तर दोन गाठी मारून बांधला, कारण तो बायकोनं दिला होता.

असं करता करता साखरपुडा उद्यावर आला. लहानूनं दुकानाचं दार आतून लावून घेतलं. प्रतीक्षा बाहेर ओट्यावर नखं चावत बसली. तिनं बोट लावायचं नाही असं ठरलेलं, आणि शब्द दिला म्हणजे दिला.

आत लहानूच्या मनात कमान तयार होती. जाड, टपोऱ्या फुलांचा हार, दाराच्या एका पायथ्यापासून वर चढत जाऊन दुसऱ्या पायथ्याशी उतरणारा. आता असा हार आणायचा कुठून? त्यानं मोबाइल चाळला. बैठकीच्या दिवशी त्यानंच चांगदेवरावांना निशिगंध आणि गुलाबाचा हार घातला होता आणि फोटोही निघाला होता. हार अगदी मनासारखा. फक्त फोटो काढताना उजेड डोळ्यांवर आला आणि चांगदेवरावांनी डोळे मिटले होते. पण लहानूला डोळ्यांशी काय करायचं होतं? त्याला हवा होता हार.

तो कामाला लागला. आज त्याला सगळे धडे आठवत होते. मागची भिंत पुसली. शेजारची खुर्ची पुसली. खिडकी पुसली. आता उरले हार आणि चांगदेवराव. लहानूचा हात माउसवर थांबला. जग इकडचं तिकडं होवो, माणूस पुसायचा नाही. आणि हा माणूस तर होणारा व्याही. त्यांना कसं पुसणार?

त्यानं दोघांचा मिळून ब्रश केला. ताणलं नाही. ओळ भरेपर्यंत पुन्हा पुन्हा लावलं. डाव्या पायथ्यापासून रेघ उचलली, वर नेली, माथ्यावरून आडवी वळवली आणि उजव्या पायथ्याशी सोडली. रेघ गेली तिकडं चित्र गेलं. रेघ वळली तसं चित्र वळलं. एक लाडू लांबला नाही, एक पाय वाढला नाही, एक बाई गळाली नाही. इतकं निर्दोष काम लहानूच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

"झालं?" तो बाहेर आल्यावर प्रतीक्षानं विचारलं.

"उद्या दारावरच बघ," लहानू म्हणाला.

सकाळी कार्यालयाच्या माणसांनी कमान बांधली. हौसा आणि प्रतीक्षा सामान घेऊन स्वयंपाकघराच्या दारानं आत गेल्या होत्या. त्यामुळे कमान सगळ्यात आधी बघितली ती पाहुण्यांनी.

माथ्यावर चांगदेवराव उभे होते, ओळीनं, गळ्यात हार आणि डोळे मिटलेले. पण दोन्ही बाजूंच्या खांबांवर रेघ उभी गेलेली, त्यामुळे चित्र आडवं झालं होतं. तिथं चांगदेवराव सरळ झोपलेले होते. डावीकडे झोपलेले. उजवीकडे झोपलेले. एकाच्या वर एक. हार घातलेले. डोळे मिटलेले.

पहिल्यांदा आले गुरुजी. दारात थबकले. त्यांनी डावा खांब बघितला, उजवा खांब बघितला, हात जोडले. "अरेरे! परवाच बोलले होते माझ्याशी." मग रखवालदाराला म्हणाले, "सुतकात कसला साखरपुडा? तेराव्यानंतर या म्हणावं." आणि सायकल वळवून निघून गेले.

त्यानंतर नवऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे उतरले, वर बघितलं आणि डोक्यावरचे फेटे काढले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आतून आचारी आला, बघून परत गेला आणि त्यानं जिलेबीची कढई खाली उतरवली.

तेवढ्यात चांगदेवरावांची चुलतबहीण, कोंडाआक्का, रिक्षातून उतरली. तिची नजर कमानीवर गेली मात्र, तिनं हंबरडा फोडला. "चांगदेवा, आम्हाला न भेटताच कसा रे गेलास!" असं म्हणत ती जवळच्या माणसाच्या गळ्यात पडली. तो माणूस नुकताच गाडीतून उतरलेला चांगदेवरावच होता.

"आक्का, अगं कोण गेलं?" चांगदेवरावांनी घाबरून विचारलं.

आक्कानं मान वर केली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा खांबाकडे बघितलं आणि ती मटकन खालीच बसली.

चांगदेवरावांनी कमान बघितली. डावीकडून सुरुवात केली, माथ्यावरून गेले आणि उजवीकडे उतरले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, तोंडावर पदर दाबून धरला होता. त्या रडताहेत की काय, हे कुणाला कळेना.

लहानू हात जोडून पुढं आला. "या, या! कमान आवडली का?"

"शेठ," चांगदेवराव दबक्या आवाजात म्हणाले, "हे माझे लोक आंघोळ करायला निघालेत. गुरुजी परत गेलेत. ह्या क्षणी आख्ख्या पेठेत मी मेलोय. आता ऐका. मी जिवंत आहे हे ह्याच दारावर, सगळ्यांना वाचता येईल असं लागल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. आणि मी आत आलो नाही, तर साखरपुडा नाही. समजलं?"

"समजलं," लहानू म्हणाला. या वेळी त्याला खरंच समजलं होतं.

गलबला ऐकून हौसा आणि प्रतीक्षा बाहेर आल्या. प्रतीक्षानं एकदा वर बघितलं आणि क्षणात सगळं ओळखलं. तिनं सासूबाईंसाठी आणलेले शालू आणि जवळच्या बायकांचे शेले गोळा केले आणि खांबांवरचे सासरे भराभर झाकायला सुरुवात केली. सुयोग शिडी घेऊन धावला. पण माथ्यावरची ओळ उंच होती.

"अहो, पळा दुकानात!" हौसानं नवऱ्याला गदागदा हलवलं. "माथ्यावर लावायला पट्टी छापून आणा. आणि आता चित्र नको. फूल नको, पान नको, माणूस नको! नुसती अक्षरं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून अक्षरं. मधे किंवा कडेला कोरं पांढरं अजिबात दिसू देऊ नका. आधीच अवकळा आलीये, त्यात पांढरी पट्टी दारावर नको."

"चित्र नको. अक्षरं. टोकापासून टोकापर्यंत. पांढरं नको," लहानू पुटपुटला आणि धावत सुटला. दुकान समोरच होतं.

दारात सगळे थांबून राहिले. कुणी बसेना, कुणी जाईना. प्रतीक्षा शालूची गाठ मारत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि सुयोग शिडीवरून तिला हळूच म्हणत होता, "रडू नकोस. बाबा बघ, किती शांत झोपलेत." त्यावर ती रडता रडता हसली.

मशीनची घरघर थांबली. लहानू लांबलचक पट्टी खांद्यावर टाकून धापा टाकत आला. दोघांनी शिडीवर चढून ती माथ्यावर बांधली. टोकापासून टोकापर्यंत बरोबर बसली. एक बोटभरही पांढरं दिसत नव्हतं. टपोरी लाल अक्षरं, पलीकडच्या एसटी स्टँडवरूनही वाचता यावीत अशी.

सगळ्यांनी माना वर केल्या. सगळ्यांनी वाचलं.

आणि गंगाबाईंच्या पदराचा बांध फुटला. त्या खांबाला धरून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की खांब हलला आणि झाकलेले दोन चांगदेवराव पुन्हा उघडे पडले. त्यांना बघून कोंडाआक्का हसायला लागली. मग फेटे काढलेले पाहुणे. मग आचारी. शेवटी चांगदेवरावांच्या मिशा थरथरल्या, आणि मग पोट धरून ते पायरीवर बसलेच. "आवरा! आवरा कुणीतरी!" ते म्हणत होते. "नाहीतर आता खरंच जाईन!"

गंगाबाईंनी प्रतीक्षाचा हात धरला. "चल पोरी आत. अहो, तुम्हीही उठा. असा व्याही दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. ह्याचा रोज फोन आला तरी मी स्वतः घेईन."

गुरुजींना सायकलवरून परत आणलं. कढई पुन्हा चुलीवर चढली. साखरपुडा झाला, साखर वाटली, कुंकू लागलं, पंगत बसली. चांगदेवराव आणि लहानू शेजारी शेजारी बसले. जिलेबीचा दुसरा फेरा झाल्यावर चांगदेवरावांनी दाराकडे मान वळवली. पट्टी अजून तिथंच होती. पलीकडे स्टँडवर लोक थांबून थांबून ती वाचत होते:

‘आमचे व्याही श्री. चांगदेवराव सध्या जिवंत आहेत’

"व्याही," चांगदेवरावांनी लहानूच्या कानाशी लागून विचारलं, "बाकी सगळं मान्य. पण त्यात ‘सध्या’ कशाला घातलंत?"

"एका शब्दाची जागा उरत होती," लहानू म्हणाला. "आधी मी ‘अजून’ घातलं होतं. मग म्हटलं, नको, तुम्हाला वाईट वाटेल."